हिरव्या किनारीचे रस्ते

नकाशा कागदाचा होता. लेकीने दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिये शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानातून आणलेला, मिशलँ कंपनीचा, एका सेंटिमीटरला दीड किलोमीटर दाखवणारा. जेवणाच्या टेबलावर तो पसरला तेव्हा ताटं उचलून ओट्यावर ठेवावी लागली. लेक म्हणाली, "बाबा, काही रस्त्यांना ही हिरवी रेघ दिसते का? या रस्त्याने गेलं की बघण्यासारखं असतं, अशी ती खूण आहे." ह्यांनी चष्मा पुसला, नकाशावर वाकले आणि बराच वेळ बोटाने हिरव्या रेघा चाळत राहिले. साडीच्या काठासारख्या त्या रेघा डोंगराकडे जात होत्या. "मग आपण पाचही दिवस काठानेच जायचं," हे म्हणाले. तेवढ्यावर बेत ठरला.

हे जून २०२४ मधलं. लेक तिथे शिकते. आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. गाडी मी चालवणार, हे नकाशा वाचणार, बोलायचं काम लेकीचं. पुण्यात मी तीस वर्षं गाडी चालवते आहे, वारीच्या गर्दीतून आणि खंबाटकीच्या घाटातूनही चालवली आहे. तरी परदेशात, रस्त्याच्या उजव्या बाजूने, हा विचार मनात आला की पोटात गोळा यायचा.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण बरेच जण तिथेच अडतात. आपला भारतीय परवाना असला की आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, अर्ज आता ऑनलाइन करता येतो. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार निघणारी ती एक पुस्तिका असते आणि ती वर्षभर चालते. मूळ परवाना मात्र बरोबर हवाच. गाडी भाड्याने घेताना क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात, आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. हातात येणारी गाडी बहुतेक वेळा गिअरची असते. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवावं. मी सांगून ठेवली होती. नव्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर टाकायचा, हा एक ताप तरी त्यामुळे वाचला. ताब्यात घेताना लेकीने गाडीभोवती फिरून एकेका ओरखड्याचा फोटो काढला.

पहिला अर्धा तास आम्ही एका मोठ्या दुकानाच्या रिकाम्या वाहनतळावर गोल गोल फिरलो. तिथे एक गोष्ट माझी मलाच उमगली आणि पुढे पाचही दिवस कामाला आली. आपल्याकडे असो की तिकडे, चालवणारा माणूस नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेकडच्या बाजूला बसतो. मी रेघेजवळ आहे ना, एवढं बघायचं. मी रेघेजवळ असले तर गाडी बरोबर बाजूला आहे. डावं-उजवं मनात घोकत बसले असते तर वळणावर नक्की चुकले असते.

गोल चौकांची भीती होती, पण ती सर्वांत आधी गेली. चौकात जो आत शिरलेला आहे त्याचा मान पहिला. आपण बाहेर थांबून डावीकडे बघायचं, फट मिळाली की शिरायचं. वाट समजली नाही तर आणखी एक फेरी मारायची. कोणी हॉर्न वाजवत नाही. मी एका चौकात तीन प्रदक्षिणा घातल्या, आणि तोवर ह्यांना पाटीवरचं गाव नकाशात सापडलं.

खरी काळजी घ्यायची ती उजवीकडून येणाऱ्या वाटेची. गावात जिथे कुठलीच खूण नसते तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, मग ती गल्ली किती का अरुंद असेना आणि आपण मोठ्या रस्त्यावर का असेनात. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला तर मान आपला. त्याच चौकोनावर काळी तिरपी रेघ आली की मान संपला. हे वाचून माहीत होतं. अंगात मुरलं ते आनियानच्या अलीकडच्या एका गावात. दोन भिंतींच्या मधून अचानक एक ट्रॅक्टर बाहेर आला, दोन मजली घराएवढा वाटावा असा उंच. त्याची चाकं दोन्ही बाजूंना लांब पायांवर, मधे मोकळी पोकळी. द्राक्षाच्या ओळीवरून फवारत जाण्यासाठी तो तसा बनवलेला असतो, वेलींची ओळ त्याच्या पोटाखालून जाते. मी ब्रेक दाबला. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने दोन बोटं कपाळाला लावली आणि संथपणे वळून गेला. ह्यांच्या मावशीची तासगावला द्राक्षबाग आहे. मांडवावर चढवलेल्या वेली बघण्याची सवय असलेल्या आम्हाला ही कमरेएवढी झुडपं आणि त्यांच्यावर स्वार झालेलं यंत्र बघून किती बोलू नि किती नको असं झालं. पुढचे दहा किलोमीटर हे त्या ट्रॅक्टरबद्दलच बोलत होते.

एरो नदी डोंगरातून बाहेर पडते तिथे सैतानाचा पूल म्हणून ओळखला जाणारा अकराव्या शतकातला दगडी पूल आहे. तिथून नदीच्या काठाकाठाने रस्ता सँ-गियेमला जातो. इथून हिरवी रेघ सुरू झाली. एका बाजूला पांढरा कडा, दुसऱ्या बाजूला खाली हिरवंगार पाणी, आणि रस्ता इतका नदीला धरून की उघड्या काचेतून पाण्याचा गारवा आत येत होता. सँ-गियेमचा मठ ८०४ सालचा. त्याच्या ओवऱ्यांचे कोरीव खांब पुढे विकले गेले आणि त्यातले बरेचसे आता न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहेत. मठाच्या अंगणात मी उरलेल्या खांबांपाशी उभी राहिले आणि मन खट्टू झालं. बाहेर चौकात एक चिनारासारखं प्रचंड झाड आहे, तिकडे त्याला प्लातान म्हणतात. त्याच्या सावलीत सगळं गाव मावेल. आपल्या पाराची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. फक्त पारावर देव नव्हता, कारंजं होतं.

इथून पुढे मोटारमार्गाने गेलं असतं तर पाऊण-एक तासात लार्झाकच्या पठारावर पोचलो असतो. काठाने गेलो म्हणून साडेतीन तास लागले. गाँज गावावरून व्हीस नदीच्या दरीत डी २५ नावाचा रस्ता शिरतो. डी म्हणजे जिल्हा रस्ता, आपल्याकडच्यासारखाच, आणि त्याचे मैलाचे दगड आपल्या राष्ट्रीय महामार्गांवरच्यासारखे: पांढरं अंग, पिवळं डोकं. त्या दगडांनी मला फार धीर दिला. रस्ता वर चढतो, झाडी विरळ होते, आणि एका वळणानंतर गाडी थांबवावीच लागते, कारण खाली नावासेल असतं. नदीने हजारो वर्षं एका टेकाडाभोवती वळसा घातला, मग एक दिवस तो वळसा सोडून सरळ वाट काढली. सोडलेला वळसा आता तीनशे मीटर खोल दरीच्या तळाशी गोल हिरव्या शेताच्या रूपात पडला आहे, मधे टेकाड आणि कडेला चिमूटभर गाव. आम्ही कड्याच्या काठावर बसून पाव, टोमॅटो आणि शेळीच्या दुधाचं चीज खाल्लं. तासभर कोणी काही बोललं नाही.

जेवणाचं सांगायलाच हवं. बारा ते दोन सगळं बंद. बेकरी, किराणा, टपाल, पेट्रोल पंपावरची खिडकी, सगळं. साडेअकराच्या आत पाव घेतला नाही तर दुपार उपाशी. आणि दुकानात शिरताना आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं "बाँझूर" म्हणायचं, मगच काय हवं ते सांगायचं. लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, नमस्कार न करता भाव विचारलास तर तुला उद्धट समजतील." त्यात अवघड काय, आपल्याकडेही गावात दारात उभं राहून कोणी एकदम कामाचं बोलत नाही.

रस्त्यात काही गावांच्या नावाच्या पाट्या उलट्या लावलेल्या दिसल्या. आधी वाटलं कोणाचा खोडसाळपणा असेल. मग लेकीने सांगितलं की २०२३ च्या शरद ऋतूत तार्न जिल्ह्यातल्या तरुण शेतकऱ्यांनी हे सुरू केलं आणि बघता बघता सगळ्या देशात पसरलं. सगळं डोक्यावर चाललं आहे, असं त्यांचं म्हणणं: उत्पन्नाचे भाव, डिझेल, कागदी घोडे. स्क्रू काढायचे, पाटी उलटी करायची, पुन्हा स्क्रू लावायचे. काहीच मोडायचं नाही. मला ही रीत आवडली. उलट्या पाट्या वाचण्यासाठी ह्यांना मान वाकडी करावी लागायची, आणि दर वेळी ते वाचून झाल्यावर म्हणायचे, "बरोबर आहे त्यांचं."

लार्झाकबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे.

मी माणदेशातली. म्हसवडच्या बाजूला आमचं घर. उघडा माळ, कुसळं, दुरून दिसणारा मेंढ्यांचा कळप, वाऱ्याचा आवाज आणि पाण्याची वानवा यात मी वाढले. डोंगरावरून वर आल्यावर लार्झाकचा माळ समोर उघडला आणि मी गाडी कडेला घेतली. बाजूला पिवळ्या फुलांची झुडपं फुललेली होती, जमिनीतून पांढरा चुनखडक वर आलेला, आणि लांबवर घंटांचा आवाज. आमची जमीन काळ्या बेसाल्टची, ही पांढरी, एवढाच काय तो फरक. मी खाली उतरून गवत हातात घेऊन बघितलं. तेही बोटाला टोचत होतं.

ला कुव्हर्तुआराद हे मध्ययुगातलं तटबंदीचं गाव त्या माळावर आहे. ते टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी वसवलं, हे सगळीकडे सांगतात. मला मात्र तिथली लव्होन्य बघायची होती. लव्होन्य म्हणजे मेंढ्यांचं पाणवठ्याचं तळं. चुनखडीत पाणी ठरत नाही, पावसाचं सगळं पाणी भेगांतून खाली जातं, वर माळ कोरडाच. म्हणून खोलगट जागेत चिकणमाती ठोकायची आणि तिच्यावर दगड बसवायचे, म्हणजे खुरांनी माती उकरली जात नाही. ला कुव्हर्तुआरादचं तळं परातीसारखं गोल आहे. एकेक दगड कडेवर उभा, जवळजवळ बसवलेला, बाहेरून आत उतरत गेलेली वर्तुळं. काठाचे दगड गुळगुळीत झालेत, काही तर मधोमध खोलगट. किती पिढ्यांची खुरं त्यावरून गेली असतील. मी बूट काढून दोन वर्तुळं खाली उतरले. दगड उन्हाने गरम होते, आणि पाण्याच्या कडेचे गार. आमच्याकडे उन्हाळ्यात धनगरांचा वाडा पाण्याच्या शोधात फिरायचा. वावरात मेंढ्या बसवल्या की खताच्या बदल्यात धान्य द्यायचं, हा आमच्या आजोबांचा शिरस्ता. त्या धनगरांना हे तळं दाखवावंसं वाटलं.

गावातल्या दारांवर एक मोठं वाळलेलं काटेरी फूल खिळ्याने ठोकलेलं असतं, ताटलीएवढं, सोनेरी, सूर्यासारखं. त्याला कार्दाबेल म्हणतात. हवा कोरडी असली की ते उघडलेलं राहतं, पाऊस येणार असला की मिटतं. त्या दिवशी सगळी फुलं उघडी होती. लेकीने एका दारावरच्या फुलाला श्वास लावून बघितला. लगेच काही मिटलं नाही, पण काटे किंचित हलल्यासारखे मला वाटले.

रात्री आम्ही त्याच माळावरच्या एका मेंढपाळाच्या घरी उतरलो. तिकडे शेतकरी घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात आणि रात्रीचं जेवण सगळे एकाच टेबलावर जेवतात. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे आधी आम्ही दूध काढणं बघायला गेलो. लाकॉन जातीच्या मेंढ्या, तोंडावर आणि पोटावर लोकर जवळजवळ नाहीच, लांब कान. दोन्ही बाजूंना ओट्यावर त्या ओळीने उभ्या राहिल्या, मधल्या खोलगट वाटेत उभं राहून मालक यंत्राचे पेले लावत गेला. एकेक मेंढी दीड-दोन मिनिटांत मोकळी. मी विचारलं, हे दूध कुठे जातं? "रोकफोर," तो म्हणाला, म्हणजे त्याच नावाचं चीज बनतं ते गाव, आणि हाताने पश्चिमेकडे दाखवलं.

जेवायला आलिगो होतं. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात ताजं चीज घालून लाकडी कलथ्याने इतकं घोटतात की त्याच्या तारा निघतात. ह्यांना फार आवडलं. जेवताना घरातल्या आजींनी विचारलं की आम्ही भारतातल्या कुठल्या भागातले. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांना काही बोध होईना. मग मी म्हटलं, गांधीजींचा वर्धा ज्या राज्यात आहे ते. आजींनी चमचा खाली ठेवला आणि स्वच्छ उच्चारात म्हणाल्या, "शांतिदास."

माझ्या अंगावर काटा आला. लांझा देल व्हास्तो हे मूळचे इटलीचे. १९३७ साली ते वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि गांधीजींनी त्यांना शांतिदास हे नाव दिलं. पुढे त्यांनी फ्रान्समध्ये आश्रमासारख्या वसाहती काढल्या, त्यातली एक लार्झाकच्या दक्षिणेला. १९७१ मध्ये सरकारने लार्झाकवरचा लष्करी तळ ३ हजार हेक्टरांवरून १७ हजारांपर्यंत वाढवायचं ठरवलं. शंभरावर कुटुंबांची जमीन जाणार होती. १९७२ च्या वसंतात शांतिदासांनी ला काव्हालेरी गावात पंधरा दिवस उपास केला, आणि त्याच सुमारास १०३ शेतकऱ्यांनी शपथ घेतली की आम्ही जमीन विकणार नाही. मग दहा वर्षं लढा चालला, एकही काठी न उगारता. मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चरायला सोडल्या. ट्रॅक्टर घेऊन राजधानीकडे निघाले आणि पोलिसांनी अडवल्यावर उरलेली वाट पायी गेले. ला ब्लाकिएर नावाच्या वाडीत, सरकारच्या परवानगीशिवाय, देशभरातून आलेल्या लोकांनी हाताने दगड रचून मेंढ्यांचा गोठा बांधला. १९८१ मध्ये मितराँ अध्यक्ष झाले आणि योजना रद्द झाली. सरकारने आधीच घेतलेली सहा हजारांहून जास्त हेक्टर जमीन नंतर शेतकऱ्यांच्याच एका संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली.

आजी त्या वेळी नव्या सूनबाई होत्या. आलेल्या माणसांना रांधून घालणं हे आपलं काम होतं, असं त्या म्हणाल्या. बाकी काही त्यांनी सांगितलं नाही. मला मुळशी आठवली. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मुळशीच्या शेतकऱ्यांनीही असाच सत्याग्रह केला होता, लार्झाकच्या पन्नास वर्षं आधी, आणि त्यांची गावं धरणात गेली. वर्ध्याहून निघालेली एक गोष्ट इतक्या लांबच्या माळावर येऊन जिंकली, याचा आनंद मला त्या रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ला ब्लाकिएरला गेलो. गोठा अजून वापरात आहे. भिंतीतल्या दगडांना मी हात लावला आणि ह्यांनीही लावला.

रोकफोरच्या गुहांबद्दल थोडक्यात. डोंगराचा कडा पूर्वी कोसळला, त्या पडलेल्या दगडांच्या मधल्या भेगांतून बाराही महिने गार, ओलसर हवा वाहते. त्या भेगांना फ्लरीन म्हणतात. एका भेगेपाशी हात धरला तर पावसाळ्यात माळशेजच्या कड्याजवळ लागते तशी हवा लागली. या हवेमुळेच तिथली बुरशी चीजमध्ये निळ्या रेघा ओढते. १९२५ साली कायद्याने या नावाला संरक्षण मिळालं, दुसरीकडे बनवलेल्या चीजला रोकफोर म्हणता येत नाही. शुद्ध शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, या चीजला प्राण्यांच्या जठरातलं विरजण लागतं. ह्यांनी खाल्लं नाही. मी खाल्लं. खारट, तिखट, आणि शेवटी लोण्यासारखं.

मियोचा पूल आम्ही वरून ओलांडला नाही. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेला तो पूल जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे, सात खांबांवर उभा, आणि त्यातल्या सर्वांत उंच खांबाचं वरचं टोक ३४३ मीटरवर. वरून गेलं तर दोन मिनिटांत संपतो आणि खालची दरी दिसतच नाही. आम्ही खालच्या जिल्हा रस्त्याने तार्न नदीच्या काठी पेर गावात गेलो, जिथली काही घरं कड्याच्या कपारीत आहेत. संध्याकाळी नदीकाठच्या भिंतीवर बसलो. डोक्यावर पांढऱ्या दोऱ्या ताणलेला तो पूल, त्यावर मुंगीएवढे ट्रक, आवाज अजिबात नाही. पूर्वी सुट्टीच्या दिवसांत उत्तरेकडून समुद्राकडे जाणारी सगळी वाहनं मियो गावात तासन्‌तास तुंबायची. पुलाने गावाला मोकळा श्वास दिला. म्हणून मला तो पूल आवडतो. वरचा वेगही असू दे, खालची वाटही असू दे.

तिसऱ्या दिवशी इंधनाची पंचाईत झाली. पंपावर "गाझोल" लिहिलेलं असतं ते डिझेल. आपली गाडी पेट्रोलची असेल तर "एसपी ९५" किंवा "ई१०" घ्यायचं, हे मी टाकीच्या झाकणावर बघून पाठ केलं होतं. पण फ्लोराकच्या अलीकडे आम्ही पोचलो तेव्हा वाजला होता एक, खिडकी बंद, नुसतं कार्डाचं यंत्र चालू. माझं भारतातलं कार्ड त्याने दोनदा नाकारलं, लेकीचंही. काटा तळाला टेकलेला. तेवढ्यात मागे व्हॅन घेऊन एक बाई आल्या. लेकीने बाँझूर म्हणून अडचण सांगितली. त्यांनी काही न बोलता आपलं कार्ड यंत्रात घातलं, नळी माझ्या हातात दिली, आणि आम्ही चाळीस युरो रोख दिल्यावर हसून सुटे नाहीत हं, असं म्हणाल्या. सुटे लागणारच नव्हते, मी बरोबर चाळीसचंच भरलं होतं. व्हॅनमध्ये मागे मधाच्या पेट्या होत्या. तेव्हापासून टाकी अर्धी झाली की, आणि सकाळच्याच वेळात, भरायची असा नेम केला.

त्याआधी सकाळी आम्ही जोंत नदीच्या दरीत होतो. ल रोझिएपासून मेरुएसकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या लालसर कड्यांच्या मधून जातो. एका वळणावर सहा-सात गाड्या उभ्या, माणसं वर बघत उभी. मीही थांबले. गिधाडं होती. एक, चार, मग मोजणं सोडून दिलं. कड्याच्या उन्हाने तापलेल्या हवेवर, पंख न हलवता, आमच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेली की पंखांतून वाऱ्याचा सर्र असा आवाज ऐकू आला. तिथली गिधाडं पार संपली होती. १९८१ पासून पिंजऱ्यात वाढवलेली सोडायला सुरुवात झाली आणि आता शेकडो आहेत. मेंढपाळ मेलेल्या मेंढ्या ठरलेल्या जागी त्यांच्यासाठी ठेवतात, त्यासाठी रीतसर परवानगी असते. लहानपणी म्हसवडला मेलेल्या जनावरावर उतरलेली गिधाडं मी पाहिली आहेत. आमच्या मुलीने पाहिलेली नव्हती. जनावरांना तेव्हा दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने आपल्याकडची गिधाडं किती थोड्या वर्षांत संपवली हे तिला पुस्तकातून माहीत होतं. ती मान वर करून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाली.

सेव्हेनच्या डोंगराच्या कण्यावरून जाणारा रस्ता, कॉर्निश, हा मला सगळ्या प्रवासात चालवायला सर्वांत आवडला. दोन्ही बाजूंना निळ्या-निळ्या डोंगरांच्या ओळी, एकीमागे एक, आपल्या महाबळेश्वरहून जावळीकडे बघावं तशा. हा रस्ता अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राजाच्या सैन्यासाठी रुंद केला, कारण १७०२ ते १७०४ या काळात इथल्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांनी बंड केलं होतं आणि या दऱ्यांत त्यांना पकडणं सैन्याला जमत नव्हतं. सह्याद्रीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खालच्या उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पट्ट्या आहेत आणि त्यावर चेस्टनटची जुनी झाडं. तिकडे या झाडाला पावाचं झाड म्हणत, कारण डोंगरात गहू पिकत नसे आणि हेच वाळवून, दळून लोक वर्ष काढायचे. वाळवायची दगडी खोपी अजून जागोजागी दिसते, दोन मजली: खाली धूर करायचा आणि वरच्या फळ्यांवर फळं पसरायची. एका पडक्या खोपीत आम्ही वाकून गेलो. फळ्या गेल्या होत्या, भिंती काळ्या होत्या, आणि नाकाला अजून धुराचा वास येत होता.

घाटात माझ्यामागे गाडी आली की मी जागा बघून कडेला घ्यायची आणि तिला पुढे जाऊ द्यायची. स्थानिक माणसं या वळणांवर फार वेगाने जातात. वेगमर्यादा कुठे ८०, कुठे ९०, पाटी बघून ठरवावं. गावाच्या नावाची लाल कडेची पाटी आली की ५०, वेगळं काही लिहिलेलं नसलं तरी. तीच पाटी तिरप्या रेघेने खोडलेली दिसली की गाव संपलं. मी चाळिशीने जायचे आणि मला त्याची खंत वाटली नाही. पुढे जाणारा प्रत्येक जण हात वर करून जायचा.

शनिवारी युझेसचा बाजार होता. कमानींच्या चौकात, झाडांच्या खाली, पहाटेपासून. जर्दाळू, चेरी, लसणाच्या वेण्या, ऑलिव्ह, शेळीच्या चीजच्या हाताएवढ्या चकत्या. खरबूज विकणाऱ्या आजोबांनी विचारलं, आज खायचं की उद्या? आज म्हटल्यावर पाच-सहा फळं देठाशी हुंगून त्यांनी एक दिलं. आम्ही ते दुपारी पाँ द्यू गार या रोमन पुलाखाली नदीत पाय सोडून खाल्लं. साखर आणि केशर एकत्र केल्यासारखं होतं. डोक्यावर रोमन लोकांचे तीन मजली दगडी कमानींचे थर, जवळपास पन्नास मीटर उंच. युझेसच्या झऱ्याचं पाणी नीम शहराला नेण्यासाठी सुमारे पन्नास किलोमीटरचा पाट त्यांनी काढला आणि सगळ्या वाटेत उतार दिला जेमतेम बारा-तेरा मीटरचा. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेल्या ह्यांनी खरबुजाची फोड हातात तशीच धरून तो हिशेब तीनदा केला.

परतीला माँपेलियेपर्यंत मोटारमार्गाने तासभर. गाडी रात्री द्यायची होती. ह्यांनी गाडीच्या टपावर नकाशा उघडला. घड्या पाच दिवसांत इतक्या फाटल्या होत्या की युझेस एका तुकड्यावर आणि माँपेलिये दुसऱ्यावर होतं. त्यांनी दोन तुकडे कडेला कडा लावून धरले.

"सोमियेरवरून एक हिरवी आहे," ते म्हणाले. "द्राक्षमळ्यांतून जाते."

"किती वेळ लागेल?"

"उजेड आहे अजून," असं म्हणून ते गाडीत बसले, आणि मी डावीकडच्या दारातून आत शिरले.